जोडा म्हणजे जोडा

अर्धवट सोडून दिलेल्या कामाला आमच्या साताऱ्याच्या घरात 'ठेवलेलं काम' म्हणत. सोडलेलं असं कुणी म्हणत नसे. ठेवलेलं म्हटलं की ते अजून चालू आहे असं वाटतं आणि करणारीला मान खाली घालावी लागत नाही. अशी अकरा ठेवलेली कामं, म्हणजे लोकरीच्या अकरा अर्धवट पिशव्या, गेल्या वर्षी एका काळ्या लष्करी ट्रंकेतून माझ्या सांगलीच्या घरी येऊन पडल्या. आईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "घराला रंग द्यायचाय. ट्रंक घेऊन जा, न्हाईतर भंगारवाल्याला देऊन टाकते."

ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. पिशव्या एकीवर एक दाबून बसवलेल्या होत्या आणि प्रत्येकीत गंजलेल्या नाहीतर वाकलेल्या सुया तशाच अडकलेल्या होत्या. मी त्या पलंगावर ओळीनं मांडल्या. अकरांतल्या दहा एकाच जागी बिघडलेल्या, अकरावी त्याच जागी येऊन थांबलेली. तळ नीट, अंगाचा सरळ भाग नीट, आणि तिथून वर रुंद, आणखी रुंद, आणखीच रुंद. धान्य पाखडायचं सूप विणायला घेतलं आणि मध्येच कंटाळा आला, असा आकार. बंद एकीलाही नव्हते. जिचं तोंड मिटत नाही तिला बंद लावणार कुठे? ह्यांनी त्यातली एक उचलून डोक्यावर धरून बघितली आणि विचारलं, "तुमच्याकडं टोप्या असल्या असत्यात व्हय?" मी ती त्यांच्या हातून घेऊन परत ओळीत ठेवली. मी एका सहकारी संस्थेच्या हिशेब खात्यात नोकरी केली आहे. ताळा न लागलेला आकडा समोर असला की मला जेवण जात नाही. पिशव्यांचंही तेच झालं. मी ठरवलं, सगळ्या पुऱ्या करायच्या, साताऱ्याला न्यायच्या, शालनकाकूपुढे मांडायच्या आणि तिचं तोंड बघायचं.

शालनकाकू आमच्याकडे आली तेव्हा मी सातवीत होते. धाकटे काका फौजेत लान्स नायक होते. त्यांची पलटण वर बर्फात गेली, तिथं बायका नेता येत नाहीत, म्हणून अंबाल्याचं क्वार्टर सोडून काकू आमच्या घरी उतरली. सोबत ती काळी ट्रंक, अॅल्युमिनियमच्या लांब सुया, कँटीनचे साबण आणि तिथं राहून जमवलेली हिंदी. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे एक लांबट पडवी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी स्टोव्हचा आवाज, मग आईच्या भाकऱ्यांचा, मग अण्णांच्या सायकलच्या चेनचा, आणि ते गेले की स्टँडवरून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, एवढ्या आवाजांत आमचा दिवस संपायचा. काकू आली आणि त्यात सुयांची टकटक वाढली. ती सकाळपासून चाले. भाजी फोडणीला टाकून काकू दोन ओळी विणून घेई. भाजी करपे, ओळी मात्र होत.

अंबाल्याला ती किती दिवस होती हे मोजलं तर फार भरत नाही, पण आल्यापासून तिला साताऱ्यातलं काही पसंत पडेना. चहा पेल्यात नको, कपातच हवा. पिशवी म्हणायचं नाही, बॅग म्हणायचं. पहिल्याच रविवारी तिनं ट्रंकेतून एक पुडी काढली आणि आईला म्हणाली, "वहिनी, आज राजमा करती. तिकडं बडे लोक खात्यात." आईनं पुडी उघडली, दाणे तळहातावर घेतले आणि हसायलाच लागली. "अगं बया, हा तर आपला घेवडा!" तो घेवडाच होता. कोरेगावकडून पोती भरून उत्तरेला जातो तोच. तिकडं जाऊन राजमा झाला आणि काकूच्या ट्रंकेतून परत साताऱ्याला आला. काकूनं तो टोमॅटो घालून केला, आम्ही भाकरीबरोबर खाल्ला, आणि अण्णा ताटावरून उठताना म्हणाले, "घेवडा छान झाला होता." काकू दिवसभर कुणाशी बोलली नाही.

टाक्याला ती फंदा म्हणे. सुईवर किती टाके घातले असं कुणी विचारलं तर "साठ फंदे." अण्णांना हा शब्द मिळाल्यापासून त्यांनी तो सोडला नाही. कचेरीतून आले की पडवीत चपला काढता काढता विचारायचे, "आज किती फंद केले?" आमच्या भाषेत फंद म्हणजे काय ते सांगायला नको. काकूला कळायचं, पण थोरल्या दिरापुढे ती काय बोलणार? पदर पुढे ओढायची आणि सुया जोरात आपटायची.

हे सगळं मला तेव्हा फक्त हास्यास्पद वाटायचं. त्याच्या मागे काय होतं ते आईनं मला एकदा भांडी घासताना सांगितलं. आम्ही मूळचे दहिवडीच्या पलीकडचे, मेंढरं राखणारे. अण्णा शिकून कचेरीत लागले, काका फौजेत गेले, पण आजोबांचा कळप अजून होता. दरवर्षी दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे, आणि मुक्कामावर भाकरी करायला, कोकरं सांभाळायला घरची एक बाई लागायची. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती बाई शालनकाकू होती. तिला तिथं नावानं कुणी हाक मारत नसे. 'फौजीची' म्हणत. फौजीची, पाणी आण. फौजीची, कोकरू बघ. अंबाल्याला जाऊन सुटली होती. आता परत आल्यावर आजोबांचा निरोप अण्णांना आला होता की दिवाळीनंतर शालनला धाडून द्या. "तिला जायचं न्हाई," आई म्हणाली. "पण नुसतं बसून खाती असं झालं तर तुजे अण्णा कुठल्या तोंडानं न्हाई म्हणतील? म्हणून ती क्लासच्या मागं लागलीया."

क्लास म्हणजे आमच्या वसाहतीच्या महिला मंडळाचा विणकामाचा क्लास. वसाहतीत निम्मे लोक फौजेतून आलेले. पेन्शनीत निघालेल्या नवऱ्यांचे हुद्दे त्यांच्या बायका वापरत. नवरे लुंगीवर दूध आणायला जायचे आणि बायका हुद्द्यानं बसायच्या. मंडळाच्या अध्यक्ष सुभेदारीणबाई. त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मंडळाला जागा नव्हती म्हणून क्लास आमच्या पडवीत भरे. क्लासच्या दिवशी सुभेदारीणबाईंची वेताची खुर्ची आधी त्यांच्या घरून येई, मग त्या येत, आणि क्लास सुटल्यावर खुर्ची परत जाई. खुर्चीसमोर सतरंजीवर हवालदारांच्या बायका, त्यांच्या मागे नायकांच्या, आणि दाराशी, चपलांजवळ, साध्या शिपायांच्या. कुणी चुकून पुढे बसली तर तिला उठवावं लागत नसे. सुभेदारीणबाई तिच्या डोक्यावरून बघत, ती आपोआप मागे सरके. माझी आई कारकुनाची बायको, हुद्द्याच्या हिशेबात कुठंच न बसणारी, म्हणून ती चहा करी. आणि काकू लान्स नायकाची असूनही सगळ्यांच्या मधोमध उभी राही, कारण बॅगेचं ज्ञान तिच्याकडे होतं. मंडळानं तिला कायमची मास्तरीण नेमलं, मानधन दिलं, तर तिला मेंढरांमागे कुणी पाठवू शकणार नव्हतं. नेमायचं की नाही ते सुभेदारीणबाई दिवाळीच्या आत ठरवणार होत्या.

आता बॅगेचं ज्ञान. अंबाल्याला शेजारच्या क्वार्टरमधल्या कुण्या बाईनं काकूला ही बॅग तोंडी सांगितली होती. बॅगेच्या दोन बाजू वेगळ्या विणायच्या आणि नंतर शिवायच्या. एका बाजूला साठ टाके. विणकामात एका ओळीला सुई म्हणतात. तर पन्नास सुया सरळ विणायच्या आणि मग प्रत्येक सुईच्या शेवटी 'दो का जोड़ा'. काकू हे क्लासमध्ये पाठ म्हणून दाखवायची. हिंदी म्हणायची, मग आमच्यासाठी मराठी करायची: "हर सलाई के आखिर में दो का जोडा. म्हंजी काय बायांनो? दर सुईला दोन जोडा. कळलं?" सगळ्यांना कळलं. दोन जोडा म्हणजे दोन वाढवा, न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आणि पडवीभर बायका दर सुईला दोन दोन टाके वाढवत सुटल्या.

मला तेव्हा अजून विणता येत नव्हतं, मोजता येत होतं. मी चहाचे कप गोळा करताना सगळ्यांच्या सुयांवरचे टाके मोजायची. साठाचे बासष्ट, चौसष्ट, सत्तर, ऐंशी. बॅगेचं तोंड वर असतं आणि तोंड लहान असावं लागतं, हे सांगायला कुणी अंबाल्याचं लागत नाही. वीस सुयांनंतर शंभर टाके होणार हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "पुढं आपोआप मिटतं." कसं मिटतं? "मिटतं. तिकडं मी बघितलीया." हे ऐकून मला तिची कीव आली नाही, चीड आली. ज्या माणसाला वाढता आकडा समोर दिसतो आणि तो आपोआप कमी होईल असं वाटतं, त्याच्याविषयी मला तेव्हाही आदर नव्हता आणि आजही नाही. नोकरीत अशी माणसं पुष्कळ भेटली. त्यांतले बरेच माझे साहेब होते.

दिवाळी जवळ आली तशी पडवी भरून गेली. सुभेदारीणबाईंचा हात सगळ्यांत भरभर चाले, त्यामुळे त्यांची बॅग सगळ्यांत वाईट होती. टाके सुईवर मावेनात, म्हणून सुईच्या टोकाला त्यांनी रबर गुंडाळून ठेवलं होतं. कुणालाच शंका येत नव्हती असं नाही. दाराजवळच्या एकीनं विचारलंही, "आवं, ह्यात काय ठेवायचं?" सुभेदारीणबाई म्हणाल्या, "फॅशन हाय ती." विषय संपला.

नेमणूक ठरायची होती त्या दुपारी बलजीतभाभी आल्या. त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बदलून आले होते. वसाहतीत विणकामाचा क्लास चालतो ऐकून त्या सहज, हातात स्वतःचं अर्धं स्वेटर घेऊन, आल्या. पडवीत उभं राहून त्यांनी एक नजर फिरवली आणि त्यांना हसू आवरेना. समोरच खुर्ची होती, म्हणून सुभेदारीणबाईंचीच बॅग त्यांनी हातात घेतली. "ये क्या बना रही हो बहनजी? तंबू?"

काकू पुढे झाली. "बॅग है. हर सलाई के आखिर में दो का जोडा."

"हाँ, तो जोड़ा ही तो नहीं डाला!" भाभी म्हणाल्या. "जोड़ा मतलब दो का एक. घटाना." आणि त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, शेवटचे दोन टाके एकदम सुईवर घेतले आणि त्यांचा एक करून दाखवला. "देखो. दो थे, एक हो गया."

पडवीत कुणाचीही सुई हलली नाही. मी कपांचं ताट हातात घेऊन दारात उभी होते, आणि माझ्या डोक्यात सगळा हिशेब एकदम बसला. जिथं एक कमी व्हायचा तिथं आम्ही दोन वाढवत होतो. वीस सुयांनंतर चाळीस हवे होते तिथं शंभर होते. मी काकूकडे बघितलं. तिचा चेहरा पीठ सांडल्यासारखा झाला होता. ती भाभींच्या बोटांकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं. विणणाऱ्या बाईला ते न कळणं शक्यच नव्हतं.

पण निर्णय सुभेदारीणबाईंचा होता. जोडा म्हणजे घटवणं असेल तर इतके दिवस सगळ्यांत जास्त मूर्खपणा सगळ्यांत उंच खुर्चीवर बसून त्यांनी केला होता. त्यांनी बॅग भाभींच्या हातून काढून घेतली. "भाभी, वो आपके उधर में होता होंगा. इधर सातारा में जोडा मतलब जोडा." मग सतरंजीकडे वळून, "का गं बायांनो? जोडा म्हंजी काय?"

"वाढवा की," एक हवालदारीण लगेच म्हणाली.

चपलांजवळून कुणीतरी बोललं, "आवं पण लग्नात नवराबायकोचा जोडा म्हणत्यात, तो दोनाचा एकच हुतो न्हवं?"

"हुतोय की!" सुभेदारीणबाई म्हणाल्या. "आन वरीसभरात तिनाचा हुतोय. म्हंजी वाढवायचंच!"

पडवी हसून हसून आडवी झाली. भाभींना शब्द कळले नसावेत, पण त्याही हसल्या, बिचाऱ्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पण मग तोंड कसं मिटायचं?"

सुभेदारीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू तुजं मीट आदी."

आईनं मागून दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात सुभेदारीणबाईंनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं, "मास्तरीण शालनबाईच. ठरलं. आपल्या माणसाला सोडून परक्याचं कशाला ऐकायचं?" टाळ्या झाल्या. ज्या बाईनं दोन शब्दांत अकरा पिशव्या वाचवल्या असत्या ती आपलं स्वेटर उचलून निघून गेली आणि परत कधी आली नाही. माणसं मिळून एखादी चूक करतात यात मला नवल वाटत नाही. मिळून ती पक्की करतात आणि वर टाळ्या वाजवतात, ते मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. पुढे संस्थेच्या वार्षिक सभांमध्ये दरवर्षी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. आई दळणाला गेली होती. मी मागच्या दारानं आत आले तर काकू मोरीजवळच्या उजेडात पाय पसरून बसली होती. मांडीवर तिची स्वतःची, मोरपंखी रंगाची बॅग. वाढवलेला सगळा भाग तिनं उसवून टाकला होता आणि साठापासून पुन्हा वर चढत होती, दर सुईला दोनाचा एक करत. दोन्ही कडा आत वळत होत्या. बॅगेला खांदे आले होते, गळा आला होता. ती इतकी नेटकी दिसत होती की मी दप्तर खाली ठेवायचं विसरले. काकूनं ती समोर धरून बघितली, उलटून बघितली, तोंडाच्या जागी बोटं फिरवली. मग सुई ओढून बाहेर काढली आणि धागा खेचायला लागली. टाके टपटप सुटत गेले. खांदे गेले, गळा गेला. साठावर येऊन ती थांबली, टाके पुन्हा सुईवर भरले आणि तेव्हा तिला मी दिसले.

"काय बघतीस, नंदे?"

"उसवलीस का? बरोबर झाली होती."

"पाणी तापलं का बघ जा," ती म्हणाली.

मी पाणी बघायला गेले नाही. मी तिला त्या दिवशी मनातून उतरवलं. चुकणारं माणूस एक वेळ परवडलं. बरोबर काय ते हातानं करून बघायचं, मग उसवायचं, आणि पुढच्या क्लासला पडवीत उभं राहून बायकांना पुन्हा 'दोन जोडा' सांगायचं, हे माझ्या गणितात बसणारं नव्हतं. दिवाळीनंतर आजोबा तिला न्यायला आले. पडवीत घोंगडीवर बसले. अण्णा म्हणाले, "ती मंडळाची बाई हाय आता. तिला कसं धाडू?" आजोबांनी शेजारची एक बॅग उचलली, लोकर दोन बोटांत चोळून बघितली आणि विचारलं, "ही कसल्या मेंढराची म्हणायची?" अण्णा म्हणाले, "प्लास्टिकच्या." आजोबा हसले नाहीत. चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं एकटे परत गेले. काकू आतल्या खोलीत दाराआड उभी होती. गाडीची वेळ टळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

क्लास चालला. काका सुट्टीवर येऊन गेले, पेन्शनीत निघाले, त्याच वसाहतीत त्यांनी घर बांधलं, मुलगा झाला, आणि क्लास चालूच. वसाहतीत काकूला सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले. वाटेत बायका थांबून नमस्कार करत. जुन्या कंटाळल्या की बॅग ट्रंकेत 'ठेवून' जात, नव्या येत. पुढे बॅगा मागे पडल्या, स्वेटर, टोपडी, तोरणं आली, ती बरी होत. पण बॅग एकही झाली नाही. त्या अकरांकडे कुणी पुन्हा बघितलं नाही. मी सांगलीला सासरी गेले तेव्हा क्लास चालूच होता. एखादी संस्था इतकी वर्षं एकही बॅग पुरी न करता चालू शकते, आणि तिचा कुणी हिशेब मागत नाही, हे सांगितलं तर माझ्या खात्यातल्या लोकांना नवल वाटलं नसतं.

पिशव्या पुऱ्या करायला मला जवळजवळ सगळा उन्हाळा लागला. दुपारी पंख्याखाली बसून एकेक उसवत साठावर आणायची. वर्षानुवर्षं दाबून राहिलेला धागा सुटला तरी कुरळा राहतो. मी तो पाटावर गुंडाळून चहाच्या वाफेवर धरायची तेव्हा कुठे सरळ होई. बाईचा हात टाक्यात राहतो. हवालदारणींचे टाके एकसारखे आणि घट्ट, जणू कुणी तपासणीला येणार आहे. दाराजवळच्या बायकांचे सैल, कारण त्यांचं लक्ष घरी ठेवलेल्या पोराकडे. सुभेदारीणबाईंची जांभळी पिशवी मी ओळखली. शेवटच्या ओळीत एका जागी दोन टाक्यांचा एक झालेला होता. भाभींनी केलेला. इतक्या वर्षांत तो कुणी उसवलाही नव्हता आणि त्याच्यापुढे कुणी विणलंही नव्हतं. मी तो उसवला. दर सुईला दोनाचा एक, वीस सुया, चाळीस टाके, टाके बंद, मग तशीच दुसरी बाजू, दोन्हींची शिवण, आतून अस्तर, वर बंद. एकही चुकली नाही. दहा पुऱ्या झाल्या. अकरावी, मोरपंखी, मी मुद्दाम तशीच ठेवली. ती साठावर होती. ती काकूनंच माझ्यासमोर पुरी करावी असं माझ्या मनात होतं. एकदा तरी तिच्या हातून कमी झालेलं मला बघायचं होतं.

काकू आता मुलाकडे असते, त्याच वसाहतीत. काका गेले. मिरजेत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, तरी तिला बारीक दिसत नाही. मी त्याच्या ग्रिल लावलेल्या पडवीत दहा पिशव्या तिच्या कॉटवर ओळीनं मांडल्या. एकेक करून तिनं हातात घेतल्या. तळ चाचपला, खांदे चाचपले, तोंडावरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते.

"ही जांभळी सुभेदारणीची," ती म्हणाली.

"हो."

"तोंड लय बारकं केलंस. ह्यात मेथीची जुडी जाईल का?"

"जोडा म्हणजे दोनाचा एक, काकू. तुला माहीत होतं. मोरीजवळ बसून करून बघितली होतीस तू. मी होते तिथं."

तिनं जांभळी पिशवी खाली ठेवली. सुनेनं आतून चहा आणला, कपात. काकूनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"व्हय, माहीत हुतं. त्यात काय एवढं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून?" ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडे इतकी वर्षं बघत आले होते. "लय हिशेबाची हाईस म्हणं तू. सुभेदारणीला म्हणायचं व्हय, की तुजं समदं उसव? मग मला ठेवली असती तिनं? आन समज ठेवली असती. बॅगा पुऱ्या झाल्या असत्या. बॅग पुरी झाली की बाया आपापल्या घरला जात्यात, नंदे. मास्तरीण मग कुठं जाती?"

मला उत्तर माहीत होतं. कोकणात, मेंढरांमागे, भाकरी करायला.

मी पिशवीतून मोरपंखी बॅग काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "ही तुझी. साठावर आहे. आता कर पुरी. आता कोण पाठवतंय तुला?"

तिनं सुया हातात घेतल्या. बघायची गरज नव्हती. बोटांनीच पहिला टाका शोधला. टकटक सुरू झाली. मी कित्येक वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. ओळ हळूहळू एका सुईवरून दुसरीवर गेली. शेवटाशी येऊन ती थांबली, धागा बोटाला गुंडाळला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, ओळ संपवली आणि बॅग माझ्या हातात दिली.

मी टाके मोजले. मोजल्याशिवाय मला राहवतच नाही. बासष्ट होते.